माझ्या खात्यात साठलेले गावाचे प्रश्न

शेंगदाण्याच्या पोळीला गूळ किती घालायचा, एवढंच मी मोबाइलवर बघत होते. कृती वाचता वाचता मधेच एक जाहिरात आली: ‘विसरायला होतंय? आजच सुरू करा.’ खाली एका बाटलीचं चित्र. मी ती सरकवली, तर हवामानाच्या पानावर दुसरी आली. संध्याकाळी बातम्या उघडल्या, तिथं तिसरी. त्यात एक म्हातारा डोक्याला हात लावून बसलेला.

त्याच आठवड्यात माझ्याकडून वाचनालयाचं देवघेवीचं रजिस्टर हरवलं होतं. दोन दिवसांनी ते जुन्या पेपरांच्या गठ्ठ्याखाली सापडलं. नवरा म्हणाला, “मोबाइलला कळलं बघ तुझं.” तो हसला, मीही हसले. पण मनातून ते जाईना. रजिस्टर हरवल्याचं मी कुणाला लिहून कळवलं नव्हतं. मग ह्याला कळलं कसं?

आमच्या ईट गावातलं वाचनालय मी बारा-तेरा वर्षं सांभाळते आहे. दोन खोल्या, पाच कपाटं, पेपरचं लांब टेबल आणि कोपऱ्यात एक संगणक. संगणक आला तेव्हा तो सुरू करताना त्यानं ईमेल मागितला, मी माझा दिला. तेव्हापासून गाव त्यावर बसत आलं. कुणी निकाल बघायला, कुणी सातबारा काढायला, कुणी नुसतंच.

पुढच्या आठवड्यात कामानिमित्त तालुक्याला, भूमला गेले, तेव्हा तिथल्या संगणक क्लासच्या मॅडमकडे गेले. वयानं त्या माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. पण काही विचारलं की हातातलं काम बाजूला ठेवून सांगतात. मी जाहिरातींचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “ताई, वाचनालयाच्या संगणकावर ईमेल कुणाचा चालू आहे?”

“माझा.”

“आणि मोबाइलवर?”

“तोच की.”

“मग औषध तुम्ही नाही शोधलं. तिथं बसून दुसऱ्या कुणीतरी शोधलंय. नोंद तुमच्या खात्यात झाली.”

मला पटेना. त्यांनी माझा मोबाइल घेतला, खात्याच्या आत आत जाऊन एक यादी उघडली आणि पुन्हा माझ्या हातात दिली. कोणत्या दिवशी, किती वाजता, काय शोधलं, सगळं ओळीनं. यादी खाली सरकवत गेले तरी संपेना.

“मी कधीकधी ती काळी खिडकी उघडून देत होते लोकांना,” मी म्हणाले. “खासगी म्हणतात ती.”

“ती बंद केली की त्या संगणकावर मागं काही राहत नाही. पण त्या खिडकीतही कुणी कुठं आपलं खातं उघडलं, तर तिथं नोंद होतेच. आणि तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे इंटरनेट देणाऱ्या कंपनीला दिसतं ते दिसतंच.” मग त्यांनी कुकीचं सांगितलं. आपण एखाद्या साइटवर गेलो की ती आपल्या ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवते. परत गेलो की चिठ्ठी वाचून आपल्याला ओळखते. तिथवर ठीक. पण त्याच पानावर जाहिरातवाल्यांचीही चिठ्ठी असते, आणि तोच जाहिरातवाला शंभर साइटवर बसलेला असतो. त्याला आपण सगळीकडे दिसतो. मी त्यांच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि काय काय बदलायचं ते लिहून घेतलं.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. यादी तशीच उघडी होती. बंद करायला हवी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी वाचत गेले.

आपलं गाव आपल्याला माहीत असतं असं मी धरून चालले होते. कुणाच्या घरी किती म्हशी, कुणाच्या भट्टीवरचा खवा चांगला, कुणाचं कुणाशी बोलणं बंद. ह्या यादीतलं गाव मला माहीतच नव्हतं. ‘विमानात खिडकी उघडता येते का’, ‘बायकोला राग आला तर काय बोलावे’, ‘चाळीस वर्षांनंतर दहावीला बसता येते का’, ‘म्हैस रडते का’. कुणीतरी एकाच दुपारी सात वेळा समुद्राचे फोटो बघितले होते. कोण असेल? चेहरे आठवायचा मी प्रयत्न करत होते, आणि मला त्यात गंमत वाटत होती, हे कबूल करायला हवं.

मग अकरा वाजताच्या नोंदी दिसायला लागल्या. ‘सत्तरी ओलांडलेल्या माणसास ओळखीच्या लोकांची नावे आठवत नसल्यास उपाय सांगावा.’ दुसऱ्या दिवशी, ‘विस्मरण हा आजार आहे की वय, कृपया स्पष्ट करावे.’ तिसऱ्या दिवशी, ‘हे घरच्यांना केव्हा सांगावे.’

शोधताना पूर्णविराम देणारा आणि ‘कृपया’ लिहिणारा माणूस आमच्या गावात एकच. गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी मला इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर रोज अकराला येतात, पेपर वाचतात, मग अर्धा तास संगणकावर बसतात. मी मोबाइल पिशवीत टाकला. गाव येईपर्यंत परत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी वाचनालय तासभर लवकर उघडलं. आधी ती सगळी यादी पुसली आणि पुढची नोंद बंद केली. मग संगणकावरून माझं खातं काढलं. एवढं करून थांबता आलं असतं. पण आता मला ब्राउझर म्हणजे काय हेच बघायचं होतं. इतकी वर्षं मी त्या चिन्हावर टिचकी मारत होते, आणि त्यालाच ‘इंटरनेट’ म्हणत होते. त्याच्याऐवजी दुसरा ठेवता येतो, हे डोक्यातच आलं नव्हतं.

मॅडमनी दोन-तीन सुचवले होते. एक लई कडक होता, त्यात अर्धी पानं उघडायचीच नाहीत. एकात पहिल्याच पानावर त्याच्या स्वतःच्या जाहिराती होत्या, तो मला आवडला नाही. तिसरा घेतला. त्याची आतली रचना कुणालाही वाचता येते म्हणे. मला ती वाचता येणार नव्हती, पण वाचणारे आहेत हे बरं वाटलं. मग कागद समोर ठेवून सेटिंगमध्ये शिरले. बंद केला की इतिहास आणि कुकी पुसून जाव्यात. दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या अडवाव्यात. पासवर्ड जपून ठेवू का, असं विचारूच नये. ठिकाण, कॅमेरा, माइक विचारल्याशिवाय कुणाला देऊ नये. शोधण्यासाठी असं पान, जे कुणी काय शोधलं ते साठवत नाही. ब्राउझरला जोडायचं, जाहिराती अडवणारं एक छोटं सॉफ्टवेअरही बसवलं. प्रत्येक ओळीपुढं काय बदललं ते वाचायचं, समजलं नाही तर परत वाचायचं. दुपार कधी झाली कळलं नाही.

खरंच फरक पडतो का, हे बघायला मी एक उद्योग केला. जुन्या ब्राउझरमध्ये हार्मोनियमची माहिती शोधली. नव्यात पोहण्याचे चष्मे. ईटमध्ये पोहायला विहिरी आहेत, चष्मे लावून कुणी उतरत नाही. म्हणजे ते माझ्या नेहमीच्या शोधण्यातलं नाही, हे नक्की. दोन दिवस दोन्ही ब्राउझरमध्ये तीच तीच पानं उघडत राहिले. जुन्यात हार्मोनियम माझ्या मागं लागली. बातम्यांत हार्मोनियम, पंचांगात हार्मोनियम, कांद्याच्या भावाशेजारी हार्मोनियम. नव्यात चष्मा कुठंच दिसला नाही. तिसऱ्या दिवशी मी जुना काढूनच टाकला.

पण सगळं सुरळीत झालं असं नाही. शेजारची खव्याची भट्टी चालवणारी बाई सातबारा काढायला आली. सगळं भरलं, बटण दाबलं, कागद काही येईना. दोनदा केलं, तीनदा केलं.

“अगं, तुझं नवं मशीन कागद गिळतंय व्हय?” ती म्हणाली. “जुनं बरं हुतं की. माझं दूध तिकडं आटायलंय.”

मी मॅडमना फोन लावला. कागद वेगळ्या खिडकीत उघडत होता आणि नवा ब्राउझर अशा खिडक्या अडवत होता. त्या एका साइटला तेवढी सूट द्यायची होती. दिल्यावर सातबारा लगेच निघाला. तेव्हापासून एक वही केली आहे. कुठल्या साइटला काय सूट दिली आणि का, ते त्यात लिहिते.

राहिलं गुरुजींचं. ते रोज येत होते, नव्या ब्राउझरवर बसत होते. यादी पुसली होती, त्यांना कधी कळलंही नसतं. पण त्यांनी “पाणी दे गं” म्हटलं तरी मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी एका सकाळी टेबलाशी आम्ही दोघंच असताना मी बोलले.

“गुरुजी, एक सांगायचंय. तुम्ही संगणकावर जे शोधलं, ते माझ्या खात्यात साठत होतं. मला ठाऊक नव्हतं. कळल्यावर मी पुसलं. पण पुसायच्या आधी वाचलं.”

त्यांनी पेपर खाली ठेवला. “काय काय वाचलंस?”

“नावांचं.”

त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, “दुसऱ्याचा कागद वाचायचा न्हाय, हे मी तुम्हाला वर्गात शिकवलं होतं का न्हाय?”

“शिकवलं होतं.”

“मग?”

चुकलं, एवढंच मी म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

“हजेरीचं पुस्तक न उघडता हजेरी घ्यायचो मी,” ते म्हणाले. “पन्नास पोरं. परवा बाजारात एक जण पाया पडला. मोठा माणूस, केस पांढरे झालेले. गुरुजी, ओळखलं का म्हणाला. व्हय म्हणालो. खोटं बोललो.”

मी विचारू नये ते विचारलं. “माझं नाव आठवतं?”

“आज आठवतंय. मंगळवारी आठवत नव्हतं.” मग त्यांनी माझं नाव घेतलं, माहेरच्या आडनावासकट. कित्येक आठवडे ते मला नुसतं ‘अगं’ म्हणत होते, हे तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं.

घरी सांगू नकोस म्हणाले. मी म्हणाले, “मी नाही सांगणार. पण तुम्ही सांगा. आणि यंत्राला विचारण्यापेक्षा डॉक्टरला विचारा.” ते उठून घरी गेले. दोन दिवस वाचनालयाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा रस्त्यात भेटला, म्हणाला, वडलांना बार्शीला घेऊन चाललोय, तपासायला. मी फक्त बरं म्हणाले.

गुरुजींच्या रक्तात बी-बारा जीवनसत्त्व फार कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. दोन-अडीच महिन्यांत फरक पडला, त्यांना स्वतःलाही जाणवण्याइतका. सगळी नावं परत आली नाहीत. डॉक्टर म्हणाले, थोडं वयाचंही आहे, दर सहा महिन्यांनी दाखवा. आता बाजारात कुणी पाया पडलं तर ते सरळ विचारतात, “तू कुठल्या साली होतास रे?” आणि समोरचा आनंदानं सगळं सांगतो.

माझ्यावरचा राग मात्र त्यांनी लगेच सोडला नाही. त्यांनी मला कामाला लावलं. ब्राउझरमध्ये काय काय केलं ते सगळं शिकव, म्हणाले. शाळेची असते तशी दुरेघी वही आणली. मी सांगायची, ते लिहायचे, आणि अडवायचे.

“कुकी पुसली म्हणतेस. पण त्या जाहिरातवाल्यानं आधी जे लिहून ठेवलं, ते त्याच्याकडं राहिलंच की न्हाय?”

“राहिलं असेल.”

“मग ते कसं पुसायचं?”

“मला ठाऊक नाही, गुरुजी.”

“मग विचार त्या मॅडमला,” म्हणायचे, आणि वहीत समास सोडून प्रश्नचिन्ह काढायचे. त्या प्रश्नांपायी माझी भूमला दोनदा फेरी झाली. काहींची उत्तरं मॅडमनाही ठाऊक नव्हती.

संगणकाचं सगळं शिकून झाल्यावर त्यांनी खिशातून आपला मोबाइल काढला. मुलीनं घेऊन दिलेला. “ह्यात बघ.” मी कुठल्या अ‍ॅपला कशाची परवानगी आहे ती यादी उघडली आणि मोबाइल त्यांच्याच हातात दिला. ह्यावेळी मी वाचणार नव्हते, तेच वाचत होते. बोट ठेवून, एकेक ओळ, मोठ्यानं. एका ठिकाणी थांबले.

“ही बॅटरी. उजेड पाडायची. हिला माझ्याकडचे सगळ्यांचे नंबर दिसतात असं लिहिलंय. उजेडाला माझ्या पोरीचा नंबर कशाला पाहिजे?”

“बंद करा.”

“बंद केल्यावर लागंल का?”

“लावून बघा.”

त्यांनी परवानगी काढून घेतली. मग भर दुपारी मोबाइल टेबलाखाली धरून बॅटरी लावली. स्वतः वाकून खाली बघितलं. पेपर वाचत बसलेला माणूसही वाकून बघायला लागला.

“लागली की!” गुरुजी म्हणाले. बॅटरी बंद करून त्यांनी वही उघडली. “आता पुढचं. हे कॅलेंडर. ह्याला माइक दिलाय. कशाला ते सांग.”