मेधा सांगत होती

मेधा गेल्याची बातमी आली आणि आमच्या ग्रुपवर लगेच कुणीतरी विचारलं, "डोक्याचाच काहीतरी त्रास होता ना तिला?"

नव्हता. हार्ट अटॅक होता.

आज आठवडा झाला. आठवडाभर मी हे लिहायचं टाळतेय, कारण लिहायला बसलं की रडू येतं आणि त्याहून जास्त राग येतो.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: मेधा माझी इथली, अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधली मैत्रीण. इथल्या कम्युनिटी कॉलेजात अमेरिकन कथा शिकवायची. त्यातही तिचा खास विषय म्हणजे जुन्या कथांमधल्या अशा बायका, ज्यांना घरचे किंवा गावातले लोक वेडी ठरवतात.

वर्गात पहिल्या दिवशी ती एकच प्रश्न टाकायची. "हिला वेडी पहिल्यांदा कोण म्हणालं, आणि त्याला काय हवं होतं?"

मग म्हणायची, "व्हिलन शोधू नका हं. या कथांतला नवरा बहुतेक वेळा चांगलाच असतो. प्रेमळ असतो. फक्त तिचं ऐकत नाही."

एका संक्रांतीला तिने हळदीकुंकवाला वाण काय दिलं असेल? स्टेपल केलेली एक कथा, डॉक्टरांच्या सल्ल्याने नवऱ्याने खोलीत झोपवून ठेवलेल्या एका बाईची. वर तिळगूळ.

आम्ही वाट्या, डबे, पर्सेस यांची सवय असलेल्या बायका. एक मावशी बघतच राहिल्या. "अगं, एखादी वाटी तरी द्यायचीस सोबत."

घरी गेल्यावर नवरे हसले. पण आम्ही वाचली ती कथा. आणि पुढच्या शनिवारी तिच्या डायनिंग टेबलाशी जमलो, भांडायला.

मला आठवतंय, कुणीतरी म्हणालं होतं, "यार, एवढं होतं तर ती बाई सरळ माहेरी का नाही गेली?"

मेधा चहा गाळत म्हणाली, "माहेरचे पण डॉक्टरांनाच विचारणार होते. तिला कोण विचारणार होतं?"

आम्ही हसलो. ते शनिवार मग बरीच वर्षं चालले.

आता ते 'डोक्याचं' काय, ते सांगते. लपवण्यासारखं काही नाही, तिने स्वतः कधी लपवलं नाही.

तिच्या मुलीच्या, सईच्या जन्मानंतर तिला डिप्रेशन आलं होतं. औषधं घेतली, बरी झाली. बस.

पण हे तिने एका डोहाळजेवणात मोठ्याने सांगितलं. जिचं डोहाळजेवण होतं ती पोरगी घाबरलेली होती, तिला धीर यावा म्हणून. "असं झालं तर लाजू नकोस, मला फोन कर."

 मग कुणीतरी विषय बदलून बटाटेवडे आणले.

त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक गोष्टीला एकच कारण. मोठ्याने हसली, तिचं ते. आमच्या मराठी मंडळाच्या कमिटीतून बाहेर पडली, तिचं ते. नवऱ्याशी चारचौघांत वाद घातला, परत तिचं ते सुरू झालं वाटतं.

मागच्या गुरुवारी दुपारी तिच्या पाठीत दुखायला लागलं. जबडा दुखत होता, घाम येत होता, मळमळत होतं.

समीर, तिचा नवरा, घरूनच काम करत होता. त्याने आपण सगळे करतो तेच केलं. ईआरमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, तासन्‌तास बसायचं, वर ते बिल, त्यापेक्षा आधी काकांना विचारू.

काका म्हणजे मंडळातले रिटायर्ड डॉक्टर. आपल्यातले अर्धे लोक त्यांना फोन केल्याशिवाय साधी क्रोसिन घेत नाहीत. माणूस देवासारखा. हे मी उपरोधाने म्हणत नाहीये.

फोन स्पीकरवर होता. काय बोलणं झालं ते समीरने मला स्वतः सांगितलं.

काका म्हणाले, "मेधा, अँग्झायटी दिसते आहे गं. तुला हिस्टरी आहे ना. गरम दूध घे आणि झोप काढ."

ती म्हणाली, "काका, हे ते नाहीये. ते कसं असतं मला माहीत आहे. हे वेगळं आहे."

"हो हो. दीर्घ श्वास घे बघू."

समीर म्हणाला, "काका म्हणाले ना, मग मी पण रिलॅक्स झालो." त्याने तिला दूध करून दिलं. पांघरूण घातलं.

संध्याकाळी ती उठून किचनपर्यंत आली आणि पडली. ॲम्ब्युलन्स लगेच आली, पण तोवर सगळं संपलं होतं.

समीरचा मला राग येतो का? येतो. रोज डबा घेऊन त्याच्याकडे मीच जाते. दोन्ही खरं आहे.

काल फ्युनरल होममध्ये सगळे जमलो होतो. काका शेवटच्या रांगेत बसले होते. एका आठवड्यात दहा वर्षांनी म्हातारे झालेत.

एका काकूंनी सईच्या पाठीवरून हात फिरवला. "सुटली गं बिचारी. डोक्यामुळे फार सोसलं."

सई आता कॉलेजात आहे. मराठी सगळं समजतं तिला, उत्तर इंग्लिशमध्ये देते.

शांतपणे म्हणाली, "काकू, इट वॉज हर हार्ट. अँड शी टोल्ड देम."

मग वडिलांकडे वळली.

"बाबा, यू आस्क्ड काका. व्हाय डिडन्ट यू आस्क मॉम?"

 समीर मान खाली घालून म्हणाला, "हो. तिलाच विचारायला हवं होतं."

सईने त्याचा हात धरला. दोघं तसेच मेधाजवळ उभे राहिले.

मेधा, तू अगदी स्पष्ट सांगितलं होतंस गं.

जा आता. तुला आमचा सगळ्यांचा रडत रडत निरोप.