जळक्या थराखालचं खापर

जेफ्री गेल्याचं त्याच्या बायकोने, मार्गारेटने, फोनवर कळवलं तेव्हा मी बेलग्रेव्ह रोडवर भाजी घेत होते. मला वाईट वाटलं नाही. फ्यूनरलला दोन शब्द बोलशील का, असं तिने विचारलं आणि मी तब्येत बरी नसल्याची थाप मारली. चर्चमध्ये उभं राहून त्याचे गोडवे गाण्याइतकी मी खोटारडी नाही... नुसतं गप्प बसण्याइतकी मात्र होते, आणि तेही कितीतरी वर्षं.

जेफ्री आर्किऑलॉजिस्ट. मी पुण्यात कमर्शियल आर्ट शिकून लग्नानंतर इंग्लंडमध्ये लेस्टरला आले आणि त्याच्या हाताखाली, उत्खननात सापडलेल्या खापरांची चित्रं काढायच्या नोकरीला लागले. साहेबांना माती उकरताना मी क्वचितच पाहिलं. लोक चिखलात गुडघ्यांवर बसून काम करायचे, हा व्हॅनमध्ये चहा पीत बसायचा. टीव्हीवाले येणार असले की मात्र पँटच्या गुडघ्यांना मूठभर माती चोळून खड्ड्यात उतरायचा. बोलायचा छान, हे मान्य केलं पाहिजे. समोरच्या माणसाला वाटावं, याने त्या जुन्या लोकांबरोबर जेवण केलंय.

गावाबाहेरच्या एका शेतात त्याला रोमन काळातलं घर सापडलं आणि त्यावर जळक्या मातीचा जाड थर. हल्लेखोरांनी घर पेटवलं, माणसं पळाली, अशी गोष्ट त्याने पहिल्याच आठवड्यात रचली. त्याच आठवड्यात एक दिवस मी थराचं चित्र काढायला खड्ड्यात उतरले होते. जळक्या मातीच्या खाली, घट्ट जमिनीत, हिरव्या झिलईचं एक खापर होतं. तशी झिलई रोमन लोक गेल्यानंतर कित्येक शतकांनी आली. म्हणजे आग त्याहूनही अलीकडची. कुणा शेतकऱ्याने पेंढा जाळला असेल. मी ते त्याला दाखवलं. त्याने खापर बोटांत फिरवलं, नंतर कधीतरी सशाच्या बिळातून खाली गेलं असेल म्हणाला. तिथे बीळ नव्हतं, मी तसं सांगितलं.

“तू चित्रं सुंदर काढतेस,” तो हसून म्हणाला. “तेवढंच काढ.”

आणि कुठे सापडले ते माहीत नसलेल्या तुकड्यांच्या डब्यात त्याने ते टाकलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “अगं, तुझं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय. तुझ्या शब्दाला कोण विचारणार?” त्याचं चूक नव्हतं. मी गप्प बसले. त्या आगीवर जेफ्रीचं पुस्तक आलं, मालिका झाली, मानसन्मान झाले. पुस्तकातल्या पेटत्या घराचं चित्र माझ्याच हातचं आहे. त्याची कीव करावी की स्वतःची, हे मला तेव्हाही कळलं नाही.

फ्यूनरलनंतर तीन आठवड्यांनी मी म्युझियमला पत्र लिहिलं. खापर कुठे सापडलं, कोणी उचललं, कोणी डब्यात टाकलं, सगळं सरळ. क्युरेटरबाईंनी ते नोंदींना जोडून घेतलं आणि तिथे जपून ठेवलेली थराची मातीही पुन्हा तपासायला पाठवली. मार्गारेटला कुणाकडून तरी कळण्याआधी आपणच सांगावं म्हणून मी तिला फोन केला. ती रडेल, फोन आपटेल, अशी तयारी ठेवली होती.



“त्याला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “हॉस्पिटलमध्ये दोनदा म्हणाला, बीळ नव्हतं. मी म्हटलं, मग लिही ना, पेन-कागद उशाशीच आहे, शब्दकोडं तर रोज सोडवतोस. तर म्हणाला, ती लिहील.”

मी तिला धीर दिला, जपून राहा म्हटलं आणि फोन ठेवला. त्याच्या उशाशी पेन होतं, कागद होता, हातही चालत होता. दोन ओळींचं काम. तेही त्याने माझ्यावरच टाकलं.