दारातल्या चपला

घरपट्टी विभागातले ते साहेब माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नाहीत, पायांकडे बघतात. आम्ही उंब्रजहून कराडला स्वतःच्या घरात राहायला आलो आणि पहिल्याच बिलात भाडेकरू ठेवल्याचा जादा कर लागला. घरात भाडेकरू नाहीच, हे सांगायला मी पालिकेत खेटे घातले. दर वेळी ते माझ्या पायताणांकडे बघत पुटपुटायचे, "बघू की. गडबड हाय व्हय?" ह्यांना काहीतरी हवंय, असंच मला वाटायचं.

शेवटी एकदा म्हणाले, "पाहणीला आलो तवा दारात लय चपला हुत्या. एवढी मानसं एका घरातली असत्यात व्हय?"

"आवं साहेब, वास्तुशांत हुती त्या दिवशी!"

त्यांना पटलं नाही. परवा ते पुन्हा घरी आले. दारातला एकेक जोड निरखून त्यांनी बायकोला विचारलं, "हे बूट कुणाचं?"

"दिराचं. मिल्ट्रीत हायत, सुट्टीवर आल्यात."

"बरं. काढतो भाडेकरू."

मग त्यांनी गल्लीत दोन्हीकडं बघितलं, स्वतःच्या चपला काढून हातात धरल्या आणि घरात आणून खुर्चीखाली सरकवल्या.

"बाहेर दिसल्या की लोक काय बी समजत्यात," ते म्हणाले.