तिच्यानंतरचा पेला

माझा राग आमच्या चर्चच्या सगळ्या मंडळीला ठाऊक होता. पाळकसाहेब उपदेशात जिभेच्या पापाबद्दल बोलायला लागले की चार बायका हळूच मान वळवून माझ्याकडे बघायच्या. बघू देत. मी काही संतीण नव्हते, आणि तसा आव आणणाऱ्यांचं मला पहिल्यापासून वावडं.

साठ साल उजाडायच्या आधीची ही गोष्ट. आम्ही यशवंतपुराला वठारात राहायचो. समोरासमोर खोल्यांच्या दोन ओळी, मध्ये अंगण आणि एक नळ. यांना जवळच्या कारखान्यात नोकरी, म्हणून लग्न झाल्यावर मी बेळगावहून इकडे आले. आजूबाजूला सगळं कानडी. मराठीत उपासना करायची तर महिन्यातून एक रविवार, दुपारी, कानडी मंडळीच्या चर्चमध्ये त्यांचं आटोपल्यावर. आम्ही पंधरा-वीस घरं जमायचो. त्याच दिवशी प्रभुभोजन असायचं, ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. पेला एकच. लोक मेजापुढच्या कठड्याशी गुडघे टेकून ओळीनं बसायचे, पाळकसाहेब डावीकडून एकेकाच्या ओठांना पेला लावत जायचे आणि दरवेळी पांढऱ्या फडक्यानं कड पुसायचे.

वठाराच्या पलीकडच्या ओळीत मावशी राहायची. नात्याची नव्हे, मंडळीतलीच एक विधवा, शिवणकाम करून पोट भरणारी. माझं पहिलं बाळंतपण तिनं केलं. माझी आई तिकडे आजारी, येणार कोण? सव्वा महिना तिनं मला न्हाऊमाखू घातलं, लेकराचं सगळं काढलं. पुढं तिलाच क्षय झाला. दीड वर्ष दवाखान्यात होती. बरी होऊन आली ती डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच, की आता हिच्यापासून कुणाला धोका नाही. आल्या आल्या तिनं मला एकच विचारलं, प्रभुभोजन कधी आहे. दीड वर्षात तिला ते एकदाही मिळालं नव्हतं.

आमच्यात रीत अशी, की आदल्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांनी जमायचं, कुणाचं कुणाशी वाकडं असेल तर ते मिटवायचं आणि मगच मेजाशी जायचं. त्या शनिवारी पंचांनी विषय काढला. आमचे पंच म्हणजे निवृत्त शाळामास्तर. मावशी पुढ्यात बसलेली, पण ती तिथं नाहीच अशा थाटात ते म्हणाले की लेकराबाळांचा विचार करता बाईंनी सगळ्यांच्या शेवटी यावं, नाहीतर नुसती भाकर घ्यावी, पेल्याला तोंड लावू नये. मावशीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभीच राहिले.

"ख्रिस्ताचं रक्त आपल्याला शुद्ध करतं म्हणून दर महिन्याला सांगता, आणि एका बाईच्या ओठांना भिता होय, मास्तर?"

त्यापुढं जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मास्तरांचं वय, त्यांची विद्या, त्यांचं घराणं, काही म्हणता काही सोडलं नाही. यांनी दोनदा माझा हात ओढला. भांडण मिटवायच्या सभेतून मी भांडण करूनच बाहेर पडले. वाटेत हे म्हणाले, मास्तरांची माफी माग, नाहीतर उद्या मेजाशी जाऊ नकोस. मी म्हटलं, माफी मागते माझी चप्पल.

रविवारी मावशीला हाताला धरून मी पुढं नेलं. ती नको नको म्हणत होती. तिला कठड्याच्या अगदी डाव्या टोकाला बसवलं आणि शेजारी मी बसले, मान ताठ करून, सगळ्या मंडळीनं बघावं म्हणून. तेवढ्यात माझ्या उजवीकडे कुणीतरी येऊन गुडघे टेकले. बघते तर मास्तर.

मावशी डोळे मिटून प्याली. पाळकसाहेबांनी कड पुसली आणि पेला माझ्या तोंडाशी आला. मी ओठ मिटून घेतले. पेला कलला, रस ओठांना लागला, तो मी पदरानं टिपला. आत एक थेंब जाऊ दिला नाही. तेव्हा माझ्या पोटात दुसरं होतं, म्हणून तसं झालं असेल, असं मी पुढं कितीदा तरी स्वतःला सांगितलं. साफ खोटं. पोटातल्याची आठवण मला घरी पोचल्यावर झाली. तिथं मला फक्त तिचा तो दवाखान्यात जायच्या आधीचा खोकला ऐकू येत होता.

नुसती भाकर घेऊन मास्तरांना उठता आलं असतं. पण ते प्याले. त्यांच्या गळ्याची घाटी खालीवर झालेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली.

बाहेर हे सायकल काढायला गेले तेव्हा मावशी माझ्याजवळ आली.

"पोरी," ती हळू आवाजात म्हणाली, "पुढच्या वेळी तू माझ्याआधी बस."

टोमणा असता तर मी भांडले असते. टोमणा नव्हता. बाळंतपणात 'खिडकी लाव, वारं लागेल' म्हणायची, त्याच आवाजात म्हणाली.

घरी येऊन मी भांडी आदळली. आधी तिचाच राग आला. डोळे मिटून प्रार्थना करायची सोडून हिला माझ्याकडे बघायला कुणी सांगितलं होतं? मग मास्तरांचा आला. एवढे भित्रे होते तर शेवटपर्यंत भित्रे राहायचं होतं, माझ्या शेजारी येऊन प्यायला कुणी सांगितलं होतं? देवाचाही आला, त्यालाही मी सोडलं नाही. काय झालं म्हणून यांनी विचारलं, तर त्यांच्यावर खेकसले. काय झालं ते मात्र त्यांना सांगितलं नाही. त्यांनाच काय, कुणालाच नाही.

पुढच्या महिन्यात मास्तर आपणहून मावशीच्या उजवीकडे येऊन बसले, तिच्यानंतर पेला घ्यायला. मी तिच्याआधी बसले.