पार्ट टूची हुर्यो

सुन्याच्या गेम पार्लरचे किस्से सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो. लोकांचे किस्से मजेतून साठतात, आमचे काळजीतून साठले. त्यातली निम्मी काळजी माझी. मला लहानपणापासून कशाचाही घोर लागतो. बस वेळेवर आली तरी वाटतं, ही आपलीच आहे ना?

दोन हजार सालानंतरची गोष्ट. शिवाजी पेठेत सुन्याच्या वडिलांचा, म्हणजे आण्णांचा, एक गाळा होता. आण्णा वर राहायचे, खाली सुन्यानं पार्लर काढलं होतं. तिथला हुकमी एक्का म्हणजे डान्सचा गेम. जमिनीवर प्लॅस्टिकची मॅट, मॅटवर चार बाण. टीव्हीवर गाण्याच्या तालात बाण सरकत येतात, तसे आपण पाय टाकायचे. पोरांनी तो एवढा खेळला की सगळ्यांना पाठ झाला आणि गर्दी ओसरली.

आण्णांनी सांगून टाकलं, "दसऱ्यापातूर बघतो. न्हाय जमलं तर दसऱ्याला हितं पेंडीचं दुकान. जनावरं रोज खात्यात, पोरं रोज नाचत न्हाईत."

म्हणून सुन्यानं मुंबईहून त्या गेमचा दुसरा भाग मागवला. आता सगळी भिस्त त्याच्यावर. माझं त्यात काय जाणार होतं? पण कॉलेज सुटल्यावर जायची माझी ती एकच जागा होती. ती गेली तर संध्याकाळी कळंब्याच्या तळ्यावर एकटं बसून काय करायचं, या विचारानं माझी झोप उडाली होती.

*

पार्ट टूबरोबर नवी मॅटही आली. सुन्या वायर जोडतोय तोच आण्णा नारळ घेऊन खाली उतरले.

"नवी वस्तू हाय. नारळ न फोडता चालू करतोस व्हय?"

नारळ फुटला. टीव्हीला लांबून हळदकुंकू लागलं आणि मॅटवर आण्णांनी चारी बाजूंनी सढळ हातानं नारळाचं पाणी शिंपडलं. गेम चालू केला तर उजवा बाण गप्प. मॅट गच्चीवर दोरीला वाळत घातली आणि तिच्यावर लक्ष ठेवायला मला बसवलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "सतरंजी झ्याक हाय, कुठनं आणली?"

संध्याकाळी उजवा बाण चालू झाला. मुंग्या मात्र पुढं बरेच दिवस त्याच बाणावर येत राहिल्या.

*

पहिला मान अर्थातच आमच्यातल्या दिग्याचा. पार्ट वन तो चहा पीत पीत, कपातला थेंब न सांडता खेळायचा. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे राहिलो.

पार्ट टूमध्ये बाण तेच, पण वेग दुप्पट. शिवाय काही बाणांना लांब शेपट्या. शेपूट संपेपर्यंत पाय उचलायचा नाही, आणि तेवढ्यात दुसऱ्या पायानं पुढचे बाण घ्यायचे. दिग्या मुखडाही पुरा करू शकला नाही. पडदा काळा झाला.

तो खाली उतरला, पाय पुसले आणि म्हणाला, "गेम न्हाय मर्दा ह्यो, परीक्षा हाय. ती बी न शिकवलेल्या धड्यावर."

सगळे हसले. सुन्या हसला नाही, म्हणून मीही नाही हसलो.

*

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी टीव्हीचा आवाज मोठा केल्यावर कळली. या भागात खेळणारा चुकला की टीव्हीतले प्रेक्षक त्याची हुर्यो उडवायचे. कंपनीला वाटलं असेल मजा येईल. पण आमच्या पेठेत फुटबॉलची मॅच हरलेली चालते, हुर्यो चालत नाही. मैदानावर हुर्यो झालेला माणूस आठवडाभर मागच्या गल्लीनं घरी जातो.

त्या दिवशी मॅटवर होता तालमीतला राजू पैलवान. शेपटीच्या बाणावर त्यानं पाय रोवला तो उचललाच नाही. टीव्हीतून हुर्यो झाली. राजू उतरला आणि टीव्हीसमोर जाऊन उभा राहिला.

"कोण हाय त्यो?"

सुन्या घाबरून म्हणाला, "पैलवान, रेकॉर्डिंग हाय ते. आधीच करून ठेवल्यालं."

"म्हंजे मी यायच्या आधीच ठरवलंतं व्हय माझी उडवायची?"

राजू गेला आणि त्याच्यामागं अर्धं पार्लर गेलं.

*

सुन्यानं उपाय काढला. आवाज पूर्ण बंद. गाण्याचा गेम, पण गाणं नाही. फक्त डोळ्यांनी बाण बघायचे आणि पाय टाकायचे. हुर्यो नाही म्हटल्यावर थोडी पोरं परतली, राजूसुद्धा.

एकदा एक पाव्हणे रस्त्यानं चालले होते. बाहेर चपलांची रांग, आत सगळे अनवाणी, गंभीर, माना वर करून उभे. कुणी बोलत नाही. पाव्हण्यांनी चपला काढल्या, टोपी काढली, हळूच आत येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. थोड्या वेळानं दबक्या आवाजात म्हणाले, "कवा झालं?"

दिग्या नुकताच मॅटवरून उतरत होता. तो म्हणाला, "आत्ताच. दुसऱ्या कडव्यात."

*

दसरा जवळ आला तशी राजारामपुरीतल्या एका पार्लरनं पार्ट टूची स्पर्धा ठेवली. दिग्या जिंकला तर तिकडची गर्दी आपल्याकडं वळेल, असा सुन्याचा हिशोब. तोवर दिग्या अवघड गाणीसुद्धा शेवटापर्यंत नेत होता. आम्ही निर्धास्त होतो. म्हणजे ते होते, मी नव्हतो.

तिथं कपाटाएवढे स्पीकर. दिग्या मॅटवर चढला, गाणं सुरू झालं आणि तो दचकून थांबलाच. इतके दिवस जे पायांनी पाठ केलं होतं, ते कानांनी त्यानं पहिल्यांदाच ऐकलं.

"सुन्या, ह्येला गाणं बी हाय रं," तो तिथूनच म्हणाला.

पुढं काय झालं ते सांगायला नको. आम्ही मागच्या गल्लीनं घरी आलो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. नाकाला नुसता पेंडीचा वास येत होता.

*

सुन्या चिडला. म्हणाला, आता आवाज चालूच राहणार. तो राहिला आणि पोरं यायची थांबली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कुरुंदवाडहून पेंडीच्या पोत्यांचा टेम्पो दारात लागला. आण्णा खाली येऊन उंबऱ्यात उभे राहिले. गेम चालू असताना ते नारळानंतर पहिल्यांदाच आले होते. सुन्या म्हणाला, "आण्णा, एकदाच खेळतो. मग उतरवा पोती."

तो स्वतः कधी खेळायचाच नाही, काळजीतून वेळच मिळायचा नाही त्याला. चप्पल काढून तो मॅटवर चढला. मला बघवेना. पायात पाय अडकले, बाण निघून गेले आणि स्पीकरमधून मोठ्यानं हुर्यो झाली. सुन्या मान खाली घालून तसाच मॅटवर उभा राहिला.

आण्णांनी टीव्हीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"ही कुणाची उडवाल्यात?"

"सुन्याची," मी म्हणालो.

आण्णा टेम्पोवाल्याकडं वळले.

"पावणं, पोती माघारी न्या." आणि आत येऊन स्टुलावर बसत म्हणाले, "सुन्या, पुन्ना लाव. ही गप झाल्याबिगार दुकान बंद हुणार न्हाय."