बासरच्या वाटेची घडीची सायकल

सरकारने आमच्या एका जिल्ह्याचे चार जिल्हे केले आणि माझी नोकरी मंचेरियलच्या वाट्याला गेली. वडील गावी, बोथलाच राहिले. आई गेल्यापासून ते एकटेच होते. सुट्टीला घरी गेलो की त्यांचं एकच म्हणणं असे, "एकडाव सायकलनं बासरले जाऊ. तू पुढं, मी मांगं."

लहानपणी बासरच्या देवळात तांदळात पहिलं अक्षर गिरवायला त्यांनी मला तसंच नेलं होतं. निर्मलपर्यंत बस, सायकल टपावर बांधलेली. पुढे मी दांडीवर. आता बसवर सायकल चढवू देत नाहीत, म्हणून मी घडीची सायकल घ्यायचं ठरवलं. दोन लागणार होत्या. पहिली त्यांच्यासाठी.

निवडताना मी बसची डिकी मोजली. मोठ्या चाकांची सायकल लांबच्या रस्त्याला बरी, पण घडी करूनही ती डिकीत मावत नव्हती. गिअरची होती ती उचलायला जड. शेवटी सगळ्यांत छोट्या चाकांची घेतली. हैदराबादचा दुकानदार म्हणाला, "पहले सीट पर बैठना, फिर चलाना. दौड़कर मत चढ़ना, हैंडल घूम जाएगा." मी मान डोलावली. डिकीत मावेल ना, एवढंच डोक्यात होतं.

अंगणात ती उघडून उभी केली तेव्हा वडील हसले. "जिल्हा तोडला तं तोडला, आता सायकलही तोडून आनली काऊन?"

"मोडकी नाही बाबा, घडीची आहे. तुमी बसून तर पाहा."

"मले शिकवून राह्यला का? तुले कोनं शिकवली सायकल?"

दुकानदाराचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण ज्यांनी मला शिकवलं त्यांनाच चढायचं कसं हे सांगायची लाज वाटली. आमच्याकडे त्यांच्या वयाचे सगळे एकाच रीतीने चढतात: डावा पाय पायडलवर, उजव्याने जमीन ढकलत दोन-चार ढांगा, आणि वेग आला की मागून टांग. त्यांनी तेच केलं. टांग हवेत असतानाच ते छोटं चाक गर्रकन वळलं.

खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हातात काठी आली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते "वय झालं" एवढंच सांगत. शेजारच्या स्टुलावर बसून मी ते ऐकून घेत होतो.

हिवाळ्यात त्यांना जीपने बासरला नेलं. सायकल मागे टाकायला त्यांनीच लावली. दर्शन झाल्यावर गोदावरीच्या पुलाअलीकडे त्यांनी जीप थांबवली आणि झाडाखाली बसले.

"उघड. चालवून दाखव."

घडी उघडली, हँडल धरलं आणि सवयीने माझाही डावा पाय पायडलवर गेला.

"धावून नको चढू!" ते ओरडले. "पह्यले सीटवर बस."

हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. पडता पडता ते स्वतःच शिकले होते.

सीटवर बसलो. चालवू लागलो. थोडं गेल्यावर वळून पाहिलं तर ते काठीवर हनुवटी टेकवून बघत होते.

"जाय ना. मले काऊन पाहून राह्यला?"

तू पुढं, मी मांगं, असं ठरलं होतं. पुलापर्यंत जाईस्तोवर मी मागे वळून पाहतच राहिलो.