बोर्डापुरती जागा

आमच्या कॉलनीजवळच्या पंपहाउसच्या भिंतीवर जिवीमावशी वारली चित्र काढत होत्या. शहराला पाणी देणाऱ्या धरणात त्यांचा पाडा बुडाला. त्याची आठवण म्हणून पालिकेने त्यांना तोच पाडा भिंतीवर काढायला सांगितला होता. डब्यातला रंग त्यांनी नाकारला. गेरूवर तांदळाचं पीठच हवं म्हणाल्या. फिरायला जाताना मी घरं मोजली. सव्वीस.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "तेवढीच होती. हे डावीकडचं माझं."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पालिकेचे साहेब आले. कृतज्ञतेचा बोर्ड लावायचा राहिला होता आणि भिंत भरली होती.

"मावशी, डावीकडची चार घरं जरा वर सरकवा."

"तवा पण असंच बोलले होते, साहेब. जरा वर सरका."

"मावशी बोलायला पक्क्या आहेत हं!" साहेब हसले. मीही हसलो.

वर जागा नव्हती. तेव्हाही नसावी. पिठाचं चित्र ओल्या फडक्याने निघतं. मावशींनी पिशवीतून फडकं काढलं आणि मला विचारलं, "दादा, भिजवायला पाणी मिळंल?"

पंपहाउसचा नळ मीच सोडला. पाण्याला जोर चांगला होता.